एकच नवरा, सात भाषांत बिघडला

सायखेड्यात सध्या जे चाललंय ते बाहेर फुटलं, तर निफाड तालुक्यात आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

द्राक्षबागेत डिपिंग चालू आहे. बायका ओळीनं उभ्या. एका हातात जीए या संजीवकाच्या पाण्याचा मग, दुसऱ्या हातानं घड धरायचा, बुडवायचा, हलकेच झटकायचा, पुढं सरकायचं. या कामात हात गुंततात, तोंड मोकळं राहतं. पूर्वापार त्या मोकळ्या तोंडांनी गावातली प्रत्येक सासू सोलून निघायची, कुणाचं कुणाशी फाटलं, सोसायटीचं कर्ज कुणी बुडवलं, सगळ्याचा निकाल दुपारच्या भाकरीआधी लागायचा. आणि आता? मांडवाच्या तारेला सुतळीनं मोबाईल बांधलेला आणि त्यातून एक बाई बंगालीत रडतेय. हो, बंगालीत! दहा-बारा बायाबापड्या हातातला घड तसाच धरून तिच्याबरोबर नाक ओढतायत. बागायतदार बांधावर उभा राहून कपाळाला हात लावतोय, कारण रोजंदारी त्याच्या खिशातून चाललीय आणि अश्रू कलकत्त्याच्या सेनगुप्तांच्या घरासाठी.

गावातल्या सासवांची अवस्था तर बघवत नाही. त्यांच्याविषयी बोलायला कुणाला सवडच नाही!

या सगळ्याचं मूळ 23 डिसेंबर 2019 ला आहे. त्या दिवशी स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' सुरू झाली. अरुंधती देशमुख, समृद्धी बंगला, घरासाठी झिजून झिजून अदृश्य झालेली आई आणि ऑफिसातल्या संजनाच्या नादी लागलेला अनिरुद्ध. गावानं अनिरुद्धला इतक्या शिव्या घातल्या की त्या नावाचं एखादं पोरगं आमच्याकडं असतं तर बिचाऱ्याला नाव बदलावं लागलं असतं. मग आला 2020 चा लॉकडाऊन. शूटिंग बंद. अनिरुद्ध मोकाट, अरुंधती अधांतरी आणि गावातल्या बायका घरात कोंडलेल्या. अशा नाजूक वेळी नाशिकच्या कॉलेजातून घरी परतलेल्या एका पोरीनं आमच्या आक्कांच्या ओट्यावर बसून बॉम्ब टाकला : "आक्का, ही गोष्ट आपली नाहीच. बंगालीतली आहे. 'श्रीमोयी' नाव तिचं. आणि तिकडं पुढं गेलीय."

पुढं गेलीय! म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचा घटस्फोट, कोण परत येणार, सगळं तिकडं होऊन बसलंय आणि आपण इकडं रोज साडेसातला हुरहुर लावून घेतोय! त्या दिवसापासून आक्कांच्या ओट्याला जो भाव आलाय तो पंचांगवाल्या गुरुजींनाही कधी आला नाही. रोहित सेन नावाचा एक देखणा सद्गृहस्थ श्रीमोयीच्या आयुष्यात येतो हे आक्कांना आधीच ठाऊक. त्यामुळं मराठीत आशुतोष केळकर दारात उभा राहिला तेव्हा बाकी गाव 'अगंबाई' म्हणालं आणि आक्का फक्त गालात हसल्या. असलं हसणं माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा हसायला मिळतं.

पण खरी खमंग गोष्ट पुढं आहे. पोरीनं आणखी उकरलं तेव्हा कळलं, की हा नवरा दोन भाषांत बिघडून थांबलेला नाही. लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली ही एक बंगाली गृहिणी. तिला स्टारनं आपल्याच वाहिन्यांवर घरोघर नांदवलं. हिंदीत ती अनुपमा, जुलै 2020 पासून, अहमदाबादच्या शहांची सून. तमिळमध्ये भाग्यलक्ष्मी, तेलुगूत तुलसी, मल्याळममध्ये सुमित्रा, आणि कन्नडमध्येही तीच कथा. कलकत्त्यात अनिंद्य घसरला, इकडं अनिरुद्ध घसरला, अहमदाबादेत वनराज, चेन्नईत गोपी, हैदराबादेत नंदू, केरळात सिद्धार्थ. एखाद्या घराण्यात एक दिवटा निघाला तर समजू शकतो. इथं मुख्य कार्यालयाच्या मंजुरीनं, करारावर सह्या होऊन, राज्यवार दिवटे नेमलेत! दुसऱ्या बाईचीही नेमणूक तशीच. बंगालची जून आंटी, आपली संजना, हिंदीतली काव्या. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी. शाळेच्या प्रतिज्ञेनं जे साधलं नाही ते एका बाहेरख्याली माणसानं करून दाखवलं.

"पण मग आहे तीच बंगाली मालिका मराठीत बोलून का नाही दाखवत?" असा प्रश्न आमच्या एका मामींनी कांदे निवडता निवडता टाकला. प्रश्न रास्त आहे. उत्तर पैशाचं आहे आणि थोडं पोटाचंही. एका भाषेत चाललेली गोष्ट दुसरीकडं नव्यानं उभी केली की पडण्याची धास्ती कमी, हक्क घरातलेच, आणि स्वयंपाकघरातली भांडी, नेसायची तऱ्हा, सणवार आपापले घालता येतात. शिवाय आयता माल नुसता आवाज बदलून आणला तर तिथल्या नटांनी, तंत्रज्ञांनी खायचं काय? खुद्द बंगालात हिंदी 'महाभारत' बंगालीत बोलवून दाखवायला निघाले तेव्हा तिथल्या कलावंत-तंत्रज्ञांच्या समितीनं असा काही विरोध केला की ते भांडण स्पर्धा आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2017 ला निकाल लागला. म्हणजे बंगाल आपल्या अंगणात दुसऱ्याचं महाभारत येऊ देईना आणि त्याच बंगालची श्रीमोयी मात्र सहा घरांत जाऊन बसली. काय म्हणावं या माहेरवाशिणीला!

मराठी माणसानं याबाबतीत फार शहाजोगपणा करू नये हेही सांगून ठेवते. 2009 साली झी टीव्हीवर 'पवित्र रिश्ता' लागली तेव्हा आपण केवढे फुललो होतो! चाळ आपली, मानव देशमुख आपला, अर्चना करंजकर आपली, उषा नाडकर्णींची सविता आई तर डोळे वटारताच आपली. देशानं मराठी घर पाहिलं म्हणून छाती फुगली. आणि मूळ गोष्ट? सन टीव्हीची 'तिरुमती सेल्वम'. म्हणजे तमिळ कालवण, मराठी ताट आणि वाढणारा हिंदी. 'फुलाला सुगंध मातीचा' उलट्या वाटेनं आली, हिंदीतल्या 'दिया और बाती हम'वरून. 'होणार सून मी ह्या घरची' मात्र आपल्याकडून हिंदीत गेली, 'सतरंगी ससुराल' होऊन. गेली म्हणजे काय, गोष्ट गेली. जान्हवी आणि तिच्या सहा सासवा इथंच राहिल्या.

इथं मला आमच्या भावकीतला तो पुतण्या आठवतो, लंडनला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "काकू, इकडं असं नव्हतं करत." त्याचं म्हणणं असं, की विलायतेतली आयटीव्ही ही मुळात प्रांतोप्रांतीच्या कंपन्यांची मोट. मँचेस्टरच्या ग्रॅनडानं 9 डिसेंबर 1960 ला 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू केली ती अस्सल उत्तरेकडच्या बोलीत, गल्लीतल्या भांडणांसकट. सुरुवातीला सगळ्या प्रांतांनी ती घेतलीही नाही. मग घेतली, आणि लंडनच्या साहेबाला मँचेस्टरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शार्पल्सबाईंचं बोलणं जसंच्या तसं ऐकावं लागलं. अजून चालू आहे मालिका! यॉर्कशायरवाल्यांनी तर चक्क शेतकऱ्याच्या घराची गोष्ट आणली, 'एमरडेल फार्म', 16 ऑक्टोबर 1972 ला. आपलं मुंबई दूरदर्शन त्याच महिन्यात, 2 तारखेला सुरू झालेलं. वेल्सची भाषा तर इंग्रजाला ओ की ठो कळत नाही. पण तिथली 'पोबोल अ क्वम' ही मालिका बीबीसीनं 1994 ला खाली अक्षरं देऊन साऱ्या देशाला दाखवली. आणि वेल्समधल्याच 2013 च्या एका पोलिसी मालिकेत त्यांनी कमालच केली : प्रत्येक प्रसंग आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत, त्याच नटांकडून दोनदा करून घेतला. हे ऐकल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे मुडदा दोनदा सापडायचा?" हो मामी, दोनदा. सरकारी पंचनाम्यालाही आपल्याकडं एवढी मेहनत घेत नाहीत.

आता मुद्द्याचं. तिकडं बोली जशीच्या तशी देशापुढं ठेवली, इकडं गोष्टीचं कातडं सोलून नवीन चढवलं, कारण म्हणे प्रेक्षकाला परकी भाषा झेपत नाही. कुणाला झेपत नाही? या म्हणावं आमच्या बागेत! बंगालीचा एक शब्द न येणारी बाई श्रीमोयीच्या जावेच्या कपाळावरची आठी बघून सांगते, की आता ही चहात काहीतरी कालवणार. पूर्वी दूरदर्शनही रविवारी दुपारी कधी बंगाली, कधी मल्याळम, कधी आसामी सिनेमा देशाला दाखवायचं, खाली इंग्रजी अक्षरं. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओसरीवर अर्धी गल्ली ते बघायची. अर्ध्या लोकांना अक्षरं वाचता यायची नाहीत, बाकीच्यांना इंग्रजी यायचं नाही, तरी शेवटी सगळे मिळूनच हळहळायचे.

आणि एक दुखणं आहे ते बोलूनच टाकते. कोल्हापूरला राणादा मिळाला. साताऱ्याला 'लागिरं झालं जी' मिळाली. सावंतवाडीकडं तर भुतांनासुद्धा मालिका मिळाली, 'रात्रीस खेळ चाले'. नागपूरला राधिका सुभेदार. आमच्या गोदाकाठानं काय घोडं मारलंय? देशाला आम्ही दिसतो ते तीन वेळा. कांदा महागला की दिल्लीचे कॅमेरे लासलगावला येतात. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की निफाडचं नाव येतं. आणि गोदामाई कोपली, 2016 ला कोपली होती तशी, की सायखेडा-चांदोरी बातम्यांत. त्या ऑगस्टात दुकानांत पाणी शिरलेलं, माणसं पत्र्यावर, आणि मुंबईच्या नातेवाइकांचा फोन : "अगं, तुमचं गाव टीव्हीवर दिसलं!" भांडी वाहून चालली होती, त्यामुळं आनंद मानायला जरा उशीरच झाला.

तर आता आक्कांचा ओटा थांबेल म्हणता? 'आई कुठे' 2024 च्या नोव्हेंबरला संपली आणि सासवांनी सुटकेचा श्वास टाकला, की आता पुन्हा आपली चर्चा सुरू होणार. कसली होतेय! पोरीनं परीक्षेच्या दिवसांतही वेळ काढून शोधून काढलं, की 'ठरलं तर मग' ही तमिळच्या 'रोजा'वरून आहे आणि 'रोजा' 2022 ला संपलीसुद्धा. तिथला वकील नवरा अर्जुन, इथलाही वकील नवरा अर्जुनच. नाव बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. झालं. बागेतल्या तारेवर आता तमिळही लागलंय.

बायकांना नावं ठेवणारे पुरुष पारावर बसलेले असतातच. "बायका वाया गेल्या" हे त्यांचं पालुपद. त्यातले एक नाना सगळ्यात मोठ्यानं बोलतात. नाव घेत नाही, कांद्याच्या लिलावाला त्यांचा ट्रॅक्टर नेहमी पहिला असतो एवढंच सांगते. त्यांच्या मालकीणबाई परवा देवळाबाहेर मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "का हो, तो तमिळमधला गोपी फार विनोदी आहे म्हणतात, खरं का? आमचे हे रात्री अकराला कानात वायरी घालून गोधडीत हसतात, आणि विचारलं तर म्हणतात, बाजारभाव बघतोय."