कलम १३ आजोबांना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप कलम १३ आजोबा (मुक्काम : हिंदू विवाह कायदा, १९५५) यांना शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सत्तरी ओलांडल्याबद्दल अभिनंदन. या वयातही ताठ कणा, कुठे वाकणं म्हणून नाही. देशातली लग्नं आपल्याच वचकाने टिकून आहेत, असं आपले भक्त सांगतात. ते श्रेय खुशाल घ्या. फक्त आमच्या पिढीत न झालेली काही लग्नंही आपल्याच खात्यावर मांडावीत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. सगळीच नाही हं. घरभाडं, नोकरी, पत्रिका, जात ही मंडळीही त्या कामी झटत असतात. पण आपला वाटा आपण विनयाने लपवता, ते बरं नाही.

वेगळं व्हायला आलेल्या जोडप्याला आपला पहिला प्रश्न असतो : चूक कोणाची? व्यभिचार, छळ, दोन वर्षं टाकून जाणं, धर्मांतर, मनोविकार असली काही तरी सबब हवी. जोडीदार सात वर्षं बेपत्ता असेल तरी चालतं. त्याने संसार सोडून संन्यास घेतला असेल तर आपण लगेच मोकळं करायला तयार. पण दोघंही धडधाकट आहेत, नोकरीवर जातात, आणि एकमेकांशी बोलावं असं काही उरलेलं नाही, तर? ते आपल्या यादीत बसत नाही. हिमालयात गेलात तर घटस्फोट, हिंजवडीत राहिलात तर पुरावा आणा!

मग वकीलसाहेब तरी काय करणार? जे आहे त्याला फोडणी देतात. कालपर्यंत नुसता घुम्या असलेला नवरा याचिकेत राक्षस होतो, आणि उत्तर येतं तेव्हा बायको कैदाशीण झालेली असते. ही कागदपत्रं घरात सगळे वाचतात. ताईच्या संसाराची अशी चिरफाड वाचलेली धाकटी पुढे कांदेपोह्यांना ‘सध्या करिअर’ म्हणते, तेव्हा आईवडील मोबाइलला दोष देतात. लग्नाविरुद्ध इतका परिणामकारक प्रचार कोणा पाखंड्यालाही जमला नसता.

आणि ज्यांना पुन्हा लग्न करायचंच आहे, त्यांचं काय? वधू-वर सूचक मंडळात एक जमात आपण निर्माण केली आहे : ‘केस चालू आहे’. अविवाहितांत बसत नाहीत, घटस्फोटितांत बसत नाहीत. एक मेलेलं लग्न आपण कागदावर जिवंत ठेवता, तेव्हा होऊ शकणारी दोन लग्नं अडवून धरता. ऐन तिशीतली माणसं चाळिशीत सुटतात. सुटल्यावरही आपलं धाकटं भावंड कलम १५ दारात उभं असतंच : अपिलाची मुदत संपू द्या, मग बोहल्यावर चढा.

माणसं मग आडवाटा शोधतात. गुजरातेत एके काळी विवाहित पुरुष दुसऱ्या बाईशी ‘मैत्री करार’ लिहून घ्यायचे. काहींनी पहिली बायको असताना दुसरं लग्न करण्यासाठी धर्मच बदलला. सरला मुद्गल खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं. अर्थात, त्या नवऱ्यांना आपली चौकट मुळात पाळायचीच नव्हती, आणि भोगलं ते दोन्ही बायकांनी. त्यांच्यासाठी मी रडणार नाही.

आपण अगदीच हलला नाहीत, असं कसं म्हणू? १९७६ मध्ये आपल्या अंगणात १३-ब जन्माला आलं : परस्परसंमती. एक वर्ष वेगळं राहा, अर्ज करा, वर सहा महिने थांबा. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, हे सांगायला २०१७ साल उजाडलं. पण संमती दोघांची लागते. एकाने ‘देत नाही जा’ म्हटलं की किल्ली त्याच्या खिशात, आणि मग त्या किल्लीचा भाव फुटतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की पुरतं मोडलेलं लग्न अनुच्छेद १४२ खाली संपवता येईल. छान! फक्त हा अधिकार त्यांचा, जिल्ह्याच्या न्यायालयाचा नाही. वाशिमच्या बाईने त्यासाठी दिल्ली गाठावी.

आपले समर्थक म्हणतात, दार सैल केलं तर बायका रस्त्यावर येतील. ही भीती खोटी नाही. टाकलेल्या बायकांचे मोर्चे महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण त्यावर उपाय दाराला कुलूप हा, की घरात वाटा? आपलं भावंड कलम २७ लग्नात दोघांना मिळालेल्या आहेराची वाटणी करतं. मिक्सरचा निकाल लागतो. नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट, ज्याच्या हप्त्यांसाठी बायकोने वीस वर्षं घर चालवलं, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. शेजारी गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. तिथल्या जोडप्याला मालमत्तेचा विषय बोहल्यावर चढण्याआधी काढता येतो. आपल्याकडे तो थेट कोर्टात निघतो. नोकरी करणारी शहाणी मुलगी हे बघते आणि लग्नाआधी विचारते, ‘नाही जमलं तर माझं काय?’ तिला उद्धट म्हणण्याआधी आजोबा, उत्तर द्या.

उत्तर तयार होतं. विधी आयोगाने १९७८ मध्येच सुचवलं होतं की पूर्णपणे मोडलेलं लग्न हे घटस्फोटाचं कारण माना. २००९ मध्ये पुन्हा सुचवलं. २०१३ मध्ये राज्यसभेने तसं विधेयक मंजूरही केलं. बायकोला आर्थिक हालांच्या कारणावरून विरोध करण्याची मुभा आणि नवऱ्याच्या मालमत्तेतून हिस्सा, दोन्ही त्यात होतं. पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

तेव्हा विनंती एवढीच, की ते विधेयक पुन्हा मागवून घ्या, आणि मोडलेल्या लग्नाचं कारण व घरातला वाटा ही दोन्ही एकत्रच पोटात घ्या. एकच घेणार असाल तर राहू द्या. फसवणूक तेवढी नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बोहल्याला लांबूनच नमस्कार करणारी एक नात