वायरमनला पोरगी कोण देतंय?

"काय ओ वैनी, दहावीचा निकाल लागून आठवडा झाला, पेढा काय अजून भिंतीच्या अलीकडं आला नाही!"

"पेढं कशाचं अक्का! घरात रोज भांडणं. ह्यांचं म्हणणं, सायन्स घे, सीईटी दे आन् पुण्याला जाऊन चार वर्षं इंजिनिअरिंग कर. पोरगं म्हणायलंय आयटीआय. इलेक्ट्रिशियन."

"मग जाऊ द्या की. मोहोळातच हाय, सायकलवर जाऊन येईल. दोन वर्षांचा तर कोर्स."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! लेकीला स्थळ बघताना इंजिनिअरच हुडकला न्हवं?"

अक्कांनी शेंगदाण्याचं सूप भिंतीवर ठेवलं. वार वर्मी बसला होता. आपल्याकडं पोरानं काय शिकायचं, हे निम्मं तर लग्नाचा बायोडाटाच ठरवतो.

"हुडकला, म्हणूनच सांगते. जावई गुणाचा हाय, पण नळ गळला तरी माणूस बोलावतो. त्यो माणूस घटकाभर बसतो आन् पाचशे घेऊन जातो. बरं, ते ऱ्हाऊ द्या. उन्हाळ्यात तुमची मोटर जळली तवाचं आठवा. एक फेज गेला, मोटर नुसती गुणगुणत ऱ्हायली आन् बसली. वाइंडिंगवाल्यानं जळकी तार उपटली, एकेका खाचेत किती वेढं हायत ते मोजलं, तारेची जाडी गेजवर बघितली, मग नवी भरली. तवर तुमचा ऊस सुकायलेला, आन् भाऊजी त्याच्या दुकानाच्या पायरीवर. त्याला कुणी डिग्री इचारली का?"

"न्हाई इचारली. पण पोरगी तरी कोण देतंय अशाला? आन् खांबावर चढलेलं पोरगं बघून आईचा जीव कसा ऱ्हायचा?"

ह्यावर अक्का जरा थांबल्या. पावसाळ्यात तारेला चिकटून गेलेली पोरं सगळ्यांनाच माहीत असतात.

"ते खरं हाय. म्हणून तर नीट शिकू द्या म्हणते. मिस्त्रीच्या हाताखाली ढकलण्यापरीस सर्टिफिकेट, तारतंत्रीचा परवाना, सगळं रीतसर. महावितरणनं 2023 ला विद्युत सहाय्यकाच्या 5,347 जागा काढल्या, त्याला काय मागितलं? बारावी आन् विजतंत्री न्हाईतर तारतंत्रीचा आयटीआय. आता पहिली तीन वर्षं नुसतं मानधन असतं, लगेच बंगला बांधता येत नाही, हेबी सांगते."

"म्हंजे बारावी करावीच लागणार की!"

"करू द्या की, कोण अडवतंय? आन् आयटीआय केलं म्हंजे पुढची वाट बंद झाली असं कुठंय? माझा भाचा दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला बसला. तिथनं इंजिनिअरिंगलाबी थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भाऊजींची हौस तशीबी फिटंल. फरक एवढाच, मधी कुठं पैसा आटला तर पोराच्या हातात पक्कड असंल."

"आन् बी.ए. केलं तर?"

"त्याचंबी आता नव्या धोरणात चार वर्षांचं केलंय. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं म्हणा. पण पोराला आवड नसताना कशाला? आमच्या गल्लीत तीन बी.ए. हायत, तिघंबी पोलीस भरतीला पळायलेत. फॅन बंद पडला की तिघंबी वर बघत बसतात."

वैनी हसल्या, नको नको म्हणत हसल्या.

"ह्यांना समजवा की तुम्हीच."

"मी न्हाई बाई. तुम्ही फक्त एक करा. दाखले काढून ठेवा, आन् ऑनलाइन फॉर्मात पहिल्या पसंतीला काय टाकायचं ते पोरालाच इचारा, भाऊजींना न्हाई. पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो, न्हाईतर पुढच्या फेऱ्यांतनं नाव बाद."