टेट्राकाका

दारात चपलांपेक्षा बादल्या जास्त दिसल्या की घर टेट्राकाकांचं समजावं. असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. बादल्यांत नळाचं पाणी आदल्या दिवसापासून भरून ठेवलेलं असतं, त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून. त्यांना हात लावायची कुणाची टाप नाही. मधूनच नळ गेला, तर घरच्यांनी शेजाऱ्यांकडे तांब्या घेऊन जायचं.

मासे पाळणाऱ्यांतही जाती असतात. गोल्डफिशवाले काकांच्या लेखी बालवाडीतले. लक्ष्मी येते म्हणून अरोवाना ठेवणाऱ्यांविषयी ते बोलतच नाहीत. त्यांचा जीव निऑन टेट्रावर. तीन-साडेतीन सेंटीमीटरचा जीव, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडच्या अर्ध्या भागात लाल. लाल रेघ पोटभर गेली असेल तर तो कार्डिनल. या दोघांत पाहुण्याने गल्लत केली की चहा लांबतो आणि निऑनची वंशावळ सुरू होते: मूळ गाव अॅमेझॉनचं खोरं, शास्त्रीय नाव मिळालं 1936 साली, तेही फिलाडेल्फियाच्या विल्यम इन्स नावाच्या मत्स्यप्रेमी प्रकाशकाच्या नावावरून. स्वतःच्या आजोबांचं नाव सांगताना काका अडखळतात.

टाकी आणली तेव्हा महिनाभर तीत मासाच नव्हता. नुसतं पाणी, दिवा आणि बुडबुडे. येईल त्याला समोर बसवून काका सांगायचे, "बॅक्टेरिया येताहेत." माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे हे जिवाणू आधी वस्तीला यावे लागतात, हे शंभर टक्के खरं. पण भिशीला आलेल्या बायकांना रिकामं पाणी किती वेळ बघवणार?

मग क्रॉफर्ड मार्केट. दुकानदार भाव जोडीचा सांगतो. काका उसळतात, "अहो, यांचं काय लग्न लावायचंय? डझन द्या!" निऑन हा घोळक्याने राहणारा मासा. सहापेक्षा कमी ठेवले तर बावरतो, कोपऱ्यात दडतो, रंग उतरतो. हे सांगताना काकांचा आवाज कापरा होतो. हेच काका कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलेले, सख्ख्या पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकून पंगतीआधी पसार झालेले आणि बागेत सगळे ज्या दिशेने चालतात त्याच्या उलट दिशेने चालणारे. काकू म्हणतात, "यांना एकटं ठेवलं की उलट रंग चढतो."

रात्री जेवण झालं की मोजणी. बारा मासे, सगळे एका साच्यातले, एक क्षण एका जागी न थांबणारे. कधी अकरा भरतात, कधी तेरा. तेरा भरले की काका खूश होऊन झोपतात. अकरा भरले की नजर टाकीतल्या एंजलफिशकडे वळते. एंजल जावयाने दिवाळीला दिला, तेव्हा रुपयाएवढा होता. आता तळहाताएवढा झालाय आणि निऑन त्याच्या तोंडात सहज मावेल. पण जावयाचा मासा परत कसा करणार? मुलगी माहेरी आली की पहिल्यांदा त्याचीच चौकशी करते.

सोसायटीच्या बदामाची वाळकी पानं काका वेचून आणतात. ती टाकली की पाणी निऑनच्या माहेरासारखं तपकिरी होतं. झाडूवाल्या मावशी आता चांगली पानं बाजूला काढून ठेवतात. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदललं जातं. उपसलेलं पाणी काकूंच्या कुंड्यांना जातं आणि त्यावर मोगरा असा फोफावलाय की काकूंचा सगळा विरोध त्याखाली झाकला गेलाय.

सोसायटीच्या सभेला काका आयुष्यात एकदाच आले. गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुण्याचा विषय होता. ते अर्धा तास बोलले, क्लोरीन आणि क्लोरामाइन यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवला, शेवटी टाळ्यासुद्धा पडल्या. सेक्रेटरी भारावून म्हणाले, "काका, तुम्ही कमिटीवर याच."

काकांनी खोलीतली माणसं मोजली. सतरा.

"छे हो," ते चपला शोधत म्हणाले, "इतक्यांत मला गुदमरतं."