क्रॉसिंग आहे

भाऊकाका गावी निघाले की घरातला कुणीतरी पुतण्या किंवा भाचा त्यांना वंदे भारत सुचवतोच. काका चष्मा कपाळावर चढवतात, विचारतात, "कणकवलीला किती वाजता पोचते?" पुतण्या मोबाइलमध्ये बघून मोठ्या उत्साहात सांगतो. काका हळहळतात. "अरे, एवढ्या लवकर? मग उरलेल्या दिवसाचं काय करू?"

आणि मग दिव्याला जाऊन सावंतवाडीची गाडी धरतात. ही गाडी कागदोपत्री आता एक्स्प्रेस झाली आहे. पण लहानपणी ज्याला बाळ्या म्हटलं तो पुढे बाळासाहेब झाला तरी घरच्यांना बाळ्याच, तशी काकांच्या तोंडी ती अजून 'पॅसेंजर' आहे. गाडीच्या स्वभावातही म्हणावा तसा फरक पडलेला नाही. पेण, नागोठणे, रोहा, कोलाड करत, प्रत्येक घरी हळदीकुंकवाला थांबावं तशी ती थांबत जाते.

काका निघतात ते दोन पिशव्या, एक वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेऊन. बाटलीतल्या पाण्यावर त्यांचा विश्वास नाही. वळकटी कशासाठी, हा प्रश्न काकूंनी पंचवीसएक वर्षांपूर्वी विचारून सोडून दिला. दिवसाच्या गाडीत झोपायचं नसतं, हे काकांनाही ठाऊक आहे. पण "वळकटी असली की प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं," असं त्यांचं म्हणणं. तिच्यात एक टॉवेल, कालचा पेपर आणि अडकित्ता असतो.

मी त्यांच्यासोबत पहिल्यांदा या गाडीने गेलो तेव्हा वीरपर्यंत ठीक चाललं होतं. पुढे एका स्टेशनात गाडी उभी राहिली ती राहिलीच. पाच मिनिटं, दहा, वीस. पंखे घरघरत होते, माणसं खाली उतरून आळोखेपिळोखे देत होती. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा काका प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "क्रॉसिंग आहे."

हे दोन शब्द काका ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात आमच्याकडे लोक "पुरणपोळी आहे" म्हणतात.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी. समोरून गाडी येत असेल किंवा मागून बडी गाडी येत असेल, तर धाकटीने बाजूच्या रुळावर सरकून वाट द्यायची. दिव्याची गाडी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे तिने सगळ्यांना वाट द्यायची. राजधानीला द्यायची, मांडवीला द्यायची, ट्रक पाठीवर घेऊन जाणाऱ्या मालगाडीलाही द्यायची. या अपमानाने दुसरा कुणी खचला असता. काका खिडकीतून ट्रकवाल्यांना हात करतात. चालत्या गाडीवर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये पाय वर घेऊन बसलेला ड्रायव्हर हा त्यांच्या मते जगातला सर्वांत सुखी प्राणी. "बघ, गाडी चालवण्याचा पगार घेतोय आणि गाडी चालवत नाहीये!"

2021 साली रोहा ते वीर मार्ग दुहेरी झाला. सगळा कोकण आनंदला, काका तेवढे दोन दिवस गप्प होते. "कोलाडला सुंदर क्रॉसिंग व्हायचं," एवढंच म्हणाले.

त्यांच्याजवळ एक लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीला असते तसली. तिच्यात गेल्या कैक प्रवासांची नोंद आहे. मला वाटलं खर्चाचा हिशेब असेल. उघडून पाहिली तर: 'करंजाडी. क्रॉसिंग. 32 मि. पॉइंट्समनकडे रातांब्याची रोपं. पुढच्या खेपेला दोन देणार.' पुढच्या पानावर: 'विन्हेरे. 18 मि. विशेष नाही. कुत्रा ओळखतो.' त्याखाली: 'आरवली. 41 मि. मांडवी गेली. तिच्यातून कटलेटचा वास.'

मांडवी एक्स्प्रेस खाण्यासाठी नावाजलेली. काकांना ती फक्त वासापुरती माहीत आहे. त्यांचा स्वतःचा डबा असतो. दिवा सुटल्यावर लगेच उघडायचा नाही, पनवेलनंतर उघडायचा, हा नियम. आधी पेपर पसरायचा. त्यातल्या छोट्या जाहिराती उलट्या बाजूने वाचायच्या. मग दुधातल्या दशम्या, लसणीची चटणी, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. समोरच्या माणसाला दशमी दिल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नाही. समोरचा नको म्हणतो. काका "अर्धी" म्हणतात. तो पुन्हा नको म्हणतो. काका "चव बघा" म्हणतात. माणगाव येईपर्यंत त्या माणसाने दोन दशम्या खाल्लेल्या असतात आणि मुलीच्या लग्नाची अडचण सांगितलेली असते.

मे महिन्यात डब्यात करवंदं, जांभळं घेऊन बायका चढतात. करवंदांचा द्रोण हातात आला की काकांचं वय सत्तर वर्षांनी उतरतं. प्रत्येक करवंद दाताने अर्धं तोडून बघायचं आणि लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी असं जाहीर करायचं. शेजारी कोण बसलंय याचा मुलाहिजा नाही. एकदा एका सुटाबुटातल्या गृहस्थांना त्यांनी सलग नऊ कोंबड्या दाखवल्या. दहावा कोंबडा निघाला तेव्हा ते गृहस्थच आधी ओरडले.

मार्गाची माहिती मात्र त्यांच्याकडून ऐकावी. आपण न विचारताही ऐकावीच लागते. 1998 च्या 26 जानेवारीला हा सगळा मार्ग सुरू झाला तो दिवस ते एखाद्या मुंजीसारखा सांगतात. हा मार्ग उभारणाऱ्या श्रीधरनसाहेबांचा उल्लेख एकेरीत कधी नाही. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल आला की "64 मीटर!" म्हणून मला खाली बघायला लावतात, आणि स्वतः डोळे मिटून घेतात. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो आला की आधी पोरं ओरडतात. मग एक घोगरा, लांबलचक "होऽऽऽ" ऐकू येतो. डब्यात दिवे असतात, कोण ओरडलं ते स्पष्ट दिसतं. पण काकांच्या मते बोगदा म्हणजे अंधार आणि अंधारात कुणाचं कुणाला काही दिसत नसतं. बोगदा संपला की ते गंभीर चेहऱ्याने पेपर वाचू लागतात.

'रोड' लावलेल्या स्टेशनांबद्दलही त्यांचा एक सिद्धान्त आहे. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड. "स्टेशनच्या नावापुढे रोड दिसला की समजायचं, गाव इथे नाही. गाव कुठे आहे ते विचारायला उतरायचं." राजापूरच्या एका पाहुण्यांना त्यांनी हे इतक्या तन्मयतेने समजावून सांगितलं की ते बिचारे उतरायचे राहिले. वैभववाडीला उतरून परतले. काकांनी त्यांना वरून सांगितलं, "काळजी करू नका, उलट्या गाडीलाही इथे क्रॉसिंग असतं."

आता हे सगळं वाचून वाटेल, काका जन्मतःच ऐसपैस. तसं नाही. चौतीस वर्षं हा माणूस डोंबिवलीहून सकाळी 7.58 ची फास्ट धरत होता. जिन्यावरून शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून उतरायचा. डबा एका खांद्याला, छत्री काखेत, अर्धं अंग दाराबाहेर. भांगातला शेवटचा फणीचा हात घरी नव्हे, जिन्यात फिरायचा. काकू सांगतात, चहा बशीत ओतून फुंकर मारायलाही वेळ नसे, म्हणून त्या आधीच चहा गार करून ठेवत. त्या काळी फास्ट गाडी दिव्याला थांबत नसे. थडथड करत निघून जायची. पण गर्दीत चेपलेल्या काकांना दोन डोक्यांच्या फटीतून, पनवेल-रोह्याकडे जाणाऱ्या गाडीचे डबे दिव्याला उभे दिसायचे. खिडकीशी कुणीतरी पाय पसरून केळं सोलत बसलेलं असायचं. काकांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही केळं सोलताना.

कणकवलीला उतरल्यावर गावापर्यंत एसटी. काका आता शहात्तर वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट असतो; ती ओलांडली तेव्हापासून त्यांच्या वागण्यात एक संस्थानिकी डौल आला आहे. कंडक्टर मान हलवून पुढे गेला की काका त्याला हाक मारतात. "मास्तर, माझं तिकीट?"

"आजोबा, तुम्हाला फुकट."

"फुकटचं तिकीट द्या की. शून्याचं असतं ना?"

ते शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून घड्याळाच्या पट्ट्यात खोचतात आणि उतरेपर्यंत तीनदा काढून बघतात.

परतीला मागच्या दिवाळीत मी त्यांना माझ्या गाडीने पुण्याला आणलं. माझा हिशेब साधा होता: फोंडा घाट, कोल्हापूर, संध्याकाळी घरी. काकांच्या हिशेबात फोंड्याच्या बाजारात चहा होता. घाट चढल्यावर गाडीला विश्रांती होती, कारण "दमली असेल". दाजीपूरला गवा दिसतो का ते बघायचं होतं. गवा दिसला नाही. एका म्हशीवर वीस मिनिटं गेली. राधानगरीला शाहू महाराजांचं धरण. पाणी चढलं की दरवाजे आपोआप उघडतात, हे त्यांनी मला ज्या अभिमानाने सांगितलं त्यावरून त्यातले दोनतीन त्यांनीच बसवले असावेत. पाणी चढलेलं नव्हतं. "थांबू या का थोडं?" असं त्यांनी विचारलं. नोव्हेंबर महिना चालू होता.

मोबाइलमधली बाई रस्ता सांगत होती, तिच्याशी त्यांचं पहिल्या वळणापासून बिनसलं. "तिला काय विचारतोस? माणसाला विचार." आणि काच खाली करून, जो रस्ता त्यांना चाळीस वर्षं पाठ आहे तो, भाताचे भारे वाहणाऱ्या एका बाबांना विचारला. बाबांनी रस्ता सांगितला, भाताचा उतारा सांगितला, धाकट्या मुलाची तक्रार सांगितली. मी इंजिन बंद केलं. हिरव्या टोपीचा मैलाचा दगड म्हणजे राज्य महामार्ग, पिवळ्या टोपीचा म्हणजे राष्ट्रीय, हे मला त्याच दिवशी कळलं, कारण प्रत्येक दगड मोठ्याने वाचला गेला. पुण्याला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी चिडलो होतो. काका ताजेतवाने होते आणि उतरता उतरता वॉचमनला दशमी देत होते.

गेल्या महिन्यात मी एकटाच गावाहून परतलो. सुसाट आलो, कुठे थांबलो नाही. घरी येऊन काकांना फोन केला.

"पोचलो, काका. साडेसहा तासांत!"

पलीकडे शांतता. मग एकदम हळू आवाज. "बरं आहे ना रे सगळं? घाई कसली होती?"

"घाई नव्हती. रस्ता मोकळा होता."

"अरेरे," काका म्हणाले. "बरं, फोंड्याला तो चहावाला आहे का अजून? त्याच्या पोराची दहावी होती. दाजीपूरला धुकं होतं का? राधानगरीचे दरवाजे..."

मला यातलं काहीच सांगता येईना. मी हं-हं करत राहिलो. तेवढ्यात त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, काकूंनी आतून काहीतरी विचारलं, भांडं पडल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू का, काका?"

"छे छे, ठेवतोस काय," ते म्हणाले. "थांब तिथेच. क्रॉसिंग आहे."