खांबावरच्या अज्ञात सरकारास

माननीय महोदय,



पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात एका रात्रीत आपण उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर, एक झेंडा आणि एक कॅमेरा बसवलात. सकाळी दूध आणायला निघालेल्यांना कळले की आपल्यावर नवे राज्य आले आहे. पूर्वी निदान दवंडी तरी पिटत.

झेंड्याविषयी तक्रार नाही. त्याचा रंगही लिहीत नाही. लिहिला की लोक पत्र सोडून माझे आडनाव तपासतील. समोरच्या टोकाला लगेच दुसऱ्या रंगाचा झेंडा लागला, आपल्यापेक्षा हातभर उंच. तेव्हा लांब काठीची तजवीज करावी. बेकायदा फलक आणि बॅनर हटवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 31 जानेवारी 2017 रोजी बजावले होते. पण न्यायालयाला खांबावर चढता येत नाही, हे आपण अचूक हेरलेत.

परवानगीचे तर विचारतच नाही. उल्हासनगरकराने कोणत्या तोंडाने विचारावे? इथल्या 855 इमारती अनधिकृत ठरल्या, पाडायचे आदेश झाले, आणि 2006 साली खास या शहरापुरता कायदा करून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली गेली. आपल्या कॅमेऱ्यासाठीही एखादे विधेयक येईलच.

पण महोदय, त्या कॅमेऱ्याचे तोंड. ते रस्त्याकडे नाही, बाजाराकडे नाही, सोनसाखळी ओढून मोटारसायकल जिथून पळते त्या वळणाकडेही नाही. ते आमच्या ओट्यांकडे आहे. त्या ओट्यांवर दुपारी बायका जीन्सचे धागे कापायला बसतात. नगावर पैसे मिळतात, आतल्या खोलीत उजेड नसतो, म्हणून बाहेर बसतात. पदर सरकतो, पाय पसरले जातात, सासूच्या गोष्टी निघतात. आता त्या दार लावून, दिवा लावून, उकाड्यात बसतात. विजेचे बिल वाढले, नग कमी झाले, सासवा मात्र सुरक्षित झाल्या.

हे चित्रण कोणाच्या मोबाइलवर दिसते, एवढेच विचारायला मी दोन सरकारी कार्यालयांत गेलो. दोन्हीकडे उत्तर एकच : ‘आमचा नाही.’ चौकात विचारले, तर एक पोरगा हसून म्हणाला, ‘काका, तुमच्याच सेफ्टीसाठी आहे.’ 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आमच्या गल्लीत तो हक्क कडी लावून मिळतो.

सेफ्टी! हा शब्द इथे, बदलापूरपासून काही स्टेशनांवर, कोणी हसत उच्चारू नये. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे राज्य जागे झाले. शाळेतले पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. जिथे डोळा हवा होता तिथे तो आंधळा निघाला, आणि जिथे बाई पाय मोकळे करून बसते तिथे तो चोवीस तास टक्क उघडा. लाज वाटत नाही?

आता ‘आपण’ पुरे. कारण खांबावर चढलास तो तू, हे मला माहीत आहे. तुझा पुढारी भाऊ चढला नाही. भाऊचा फोटो फलकावर असतो, तू रात्री दोन वाजता जिवंत तारांच्या मधून हात घालतोस. ना रबरी हातमोजे, ना शिडी. शॉक लागला तर भाऊ श्रद्धांजलीचा बॅनर लावेल, तोही विनापरवाना. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धच्या 1995 च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे; गुन्हा नोंदला तर नाव तुझे पडेल. आणि बाबा, ओट्यावरच्या त्या बायकांत तुझी आईही असेल, कारण या गल्लीत धागे न कापणारे घर शोधून सापडायचे नाही.

म्हणून मागणी साधी आहे. झेंडा हवा तर तुझ्या गच्चीवर लाव. कॅमेरा उतरव. उतरवायचा नसेल, तर त्याखाली मालकाचे नाव, फोन नंबर आणि परवानगीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिही. ज्याला आमची घरे बघायची आहेत, त्याचे तोंड आम्हालाही बघू दे.

कळावे,
आपल्याच पडद्यावर रोज दिसणारा एक रहिवासी