तुमच्या घरी आहे का जी?

पोंभुर्ण्यात मे महिन्यात वादळ सुटलं की लाईन जाते, आणि अंधारात पहिली हाक शेजारी जाते: "काकू, तुमच्या घरी आहे का जी?" तिकडेही नसली की जिवाला बरं वाटतं. बिघाड आपल्या फ्यूजमध्ये नाही, आता निवांत मेणबत्ती शोधावी.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या ४०० केव्हीच्या लाइनींवर ही चौकशी दोन टोकांचे रिले, म्हणजे दोष ओळखून लाईन पाडायला सांगणारी यंत्रं, करतात. व्होल्टेज आणि करंटवरून दोष किती लांब आहे, याचा हिशेब प्रत्येक रिले मांडतो. पण मापं थोडी इकडेतिकडे होणारच, म्हणून त्याला साधारण ८० टक्के लाइनीपुरताच ताबडतोब ट्रिप करायचा अधिकार. पलीकडच्या टोकाजवळ काही दिसलं तर ३५० मिलिसेकंद थांबायचं. न जाणो, भानगड पुढच्या लाइनीतली निघायची! एवढ्या वेळात आपली जांभईही पुरी होत नाही. ग्रीडला मात्र तो परवडत नाही. ४०० केव्हीवरचा दोष १०० मिलिसेकंदांत तुटलाच पाहिजे, असा नियम आहे. मग पलीकडच्याला विचारायचं: मला पुढे दिसतंय, तुलाही दिसतंय का? दोघांनाही समोरच दिसत असेल, तर दोष मधेच कुठेतरी आहे. उघडा ब्रेकर.

हा निरोप वर्षानुवर्षं पीएलसीसीनं, म्हणजे त्याच तारेवरून जात आला. जंगलात बांबू वाढून तारेला भिडलाय, आणि ते सांगायलाही तीच तार! म्हणून उलटी रीतही निघाली. दोष लाइनीच्या बाहेर, आपल्या पाठीमागे असेल तरच "पाडू नको" असं कळवायचं. तेव्हा तार धड असते. पुढे दोष दिसतोय आणि निरोप आला नाही, तर क्षणभर थांबून पाडा. युक्ती नामी, पण मला तिची धास्तीच वाटते. निरोप वाटेत हरवला, तर धडधाकट लाईन नाहक जायची. आता अर्थवायरच्या पोटातून ऑप्टिकल फायबर जातो, त्यामुळे हा घोर बराच कमी झालाय. गावच्या ११ केव्हीला असले लाड नाहीत. तिथे लाइनमनदादा टॉर्च घेऊन निघतात.

माझी आवडती सोय मात्र दुबळ्या टोकाची. ज्याच्या मागे वीजनिर्मितीचं बळ नाही, त्याला दोष धड दिसतच नाही. मग पाठीमागे काही गडबड नाही एवढं पाहून ते आलेला निरोप जसाच्या तसा परत धाडतं, आणि सबळ टोक त्यालाच होकार समजून लाईन पाडतं. स्वतःला काही ठाऊक नसताना इतकं चोख काम करणारा दुसरा कुणी माझ्या तरी पाहण्यात नाही.