‘अशक्तपणाचं काहीतरी द्या’

केमिस्टच्या काउंटरवर ‘अशक्तपणाचं काहीतरी द्या’ असं म्हणणं आपण बंद केलं पाहिजे. दुकानदारानंही मागं वळून मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप काढून देणं बंद केलं पाहिजे. त्या स्ट्रिपमुळं खरा आजार सापडायला वर्ष-वर्ष उशीर होतो, आणि हा उशीर बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतो.

चाळिशीतल्या एखाद्या बाईच्या तक्रारी ऐका. केस मूठ-मूठ गळतात. पोट साफ होत नाही. पाळीत अंगावरून फार जातं. सगळे पंख्याखाली बसतात तेव्हा तिला शाल लागते. आवाज घोगरा झालाय, रात्री हाताला मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. केसांसाठी ती त्वचेच्या डॉक्टरकडे जाते, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, मुंग्यांसाठी हाडांच्या डॉक्टरकडे. पोटासाठी घरात चूर्ण असतंच. प्रत्येक ठिकाणाहून एकेक गोळी मिळते. घरचे म्हणतात, वय झालं, टेन्शन घेऊ नकोस. या सगळ्या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक कुणी लिहीतच नाही. लिहिल्या असत्या तर दुसऱ्या ओळीलाच थायरॉईडची शंका आली असती.

गळ्यातल्या या ग्रंथीचं संप्रेरक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला लागतं. ते कमी पडलं की आतडी मंदावतात, त्वचा कोरडी पडते, मनगटातल्या सुजेनं नस दाबली जाते, पाळी बिघडते. पाळीत रक्त फार गेलं की लोह घटतं आणि लोह घटलं की केस आणखी गळतात. मग लोहाची गोळी सुरू होते आणि थायरॉईड तसाच राहतो. मिठातून आयोडीन मिळत असलेल्या लोकांमध्ये थायरॉईड मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथीवर केलेला हल्ला. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकानं 1912 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याला उतारा म्हणून व्हिटॅमिन चालत नाही. थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीचं तेच संप्रेरक, द्यावं लागतं, आणि निदान टीएसएच नावाच्या साध्या रक्ततपासणीनं होतं. एवढी साधी तपासणी राहून जाते याचा मला संताप येतो.

आता केसांच्या गोळीकडे या, कारण तिथं प्रकरण उशिरावर थांबत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन हे व्हिटॅमिन पुरतं. अंडी, शेंगदाणे, डाळी खाणाऱ्याला त्याची कमतरता सहसा होत नाही. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळीत मात्र ते 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं. 10 मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, मग बिघडलं काय, असं लोक विचारतात. बिघडतो तो रिपोर्ट. अनेक लॅबमधली यंत्रं संप्रेरक मोजताना बायोटिनच्याच चिकट बंधाचा उपयोग करतात. रक्तात आधीच भरपूर बायोटिन असेल तर यंत्र फसतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, थायरॉक्सिन खोटं जास्त. ज्या बाईचा थायरॉईड मंद आहे तिचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, किंवा चक्क उलट्या आजाराचा. जिचं औषध आधीच चालू आहे तिचा डोस त्या खोट्या आकड्यावरून कमी केला जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएनं, नोव्हेंबर 2017 मध्ये यावर जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात तपासलं जाणारं ट्रोपोनिनही बायोटिनमुळं खोटं कमी येऊ शकतं, आणि अशा एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे. केसांसाठी घेतलेली गोळी कुठवर पोचते पाहा.

मी व्हिटॅमिनांच्या विरोधात नाही. बी-12 ची कमतरता आपल्याकडे खरी आहे आणि ती मोठी आहे. शाकाहाऱ्यांना ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 घटतं. पायांची जळजळ मधुमेहाच्या नावावर खपवली जाते आणि बी-12 बघायचं राहून जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी जवळच्या गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षं करत आले आहेत. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत त्यांना बी-12 कमी आढळलं. 2008 मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. म्हणजे एक व्हिटॅमिन भरपूर आणि दुसरं अपुरं, हेही निरुपद्रवी नाही.

फोलेटची गोष्ट तर आपल्या परळची आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध तिनं घेतला. त्या बायका काय खातात, कशा राहतात, हे तिनं आधी पाहिलं. मग यीस्टचा अर्क देऊन त्यांना बरं केलं आणि 1931 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या गुणकारी घटकालाच पुढं फोलिक ॲसिड म्हणू लागले. आज तेच फोलिक ॲसिड टॉनिकातून बिनाचौकशी मिळतं. बी-12 कमी असलेल्या माणसानं ते मोठ्या मात्रेत घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते. बायकांच्या जेवणाची चौकशी करून विल्स उत्तरापर्यंत पोचली. ती चौकशी आपण सोडून दिली.

आणखी एक. बी-12 कमी निघालं म्हणून शोध संपत नाही. ज्यांच्या थायरॉईडवर प्रतिकारशक्तीचा हल्ला आहे त्यांच्यापैकी काहींच्या जठरावरही तो असतो, आणि मग अन्नातलं बी-12 अंगी लागत नाही. तसंच व्हिटॅमिन ‘डी’चं. अंगदुखीत ते कमी आढळलं की 60,000 युनिटचं पाकीट सुरू होतं, पण रक्तातलं कॅल्शियम बघितलं जात नाही. ते जास्त निघालं तर पॅराथायरॉईड ग्रंथी तपासायला हवी. हाडांचं दुखणं, मुतखडा, बद्धकोष्ठ आणि उदासी हे सगळं ती एकटी घडवू शकते. आठवड्याला एक घ्यायचं ते पाकीट कुणी रोज घेतलं, तर औषधानंच कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंड धोक्यात येतं.

लॅबमध्ये रक्त घेण्यापूर्वी विचारतात, उपाशी आलात ना? पुढचा प्रश्न प्रत्येक लॅबनं फॉर्मवरच छापावा: बायोटिन किंवा केसांच्या गोळ्या चालू आहेत का? मोठ्या मात्रेत चालू असतील तर निदान दोन दिवस बंद ठेवून मग रक्त घ्यावं. थायरॉक्सिन लिहून देणाऱ्यानं त्याच चिठ्ठीवर लिहावं, की कॅल्शियमची आणि लोहाची गोळी या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन पोटात गेलं तरी रक्तात पुरतं उतरत नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसेही लागत नाहीत. या सोमवारपासून सुरू करा.